क्रोमला टाकायच्या आधी सायकल कशी तयार करायची

शोभेच्या क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाच्या निम्म्याइतकाही जेमतेम. त्याच्याखाली निकेल असतं, चांगल्या कामात वीस-तीस मायक्रॉन, आणि त्याखाली तांबं. आपण जिला क्रोमची चमक म्हणतो ती खरं तर निकेलची, आणि निकेलची चमक त्याच्याखालच्या लोखंडाला कसं पॉलिश केलंय त्यावर. खड्डा, ओरखडा, पोचा, यातलं क्रोम काहीही झाकत नाही. जाड रंगाखाली वर्षानुवर्षं लपलेलं सगळं ते उलट उजेडात आणतं.

हे कळलं की नवखा माणूस पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतो. चार रविवार घासतो, खांदे भरून येतात, आणि फ्रेम घेऊन प्लेटिंगवाल्याकडे गेला की तिथला बफवाला (फिरत्या चाकावर पॉलिश करणारा) ती पुन्हा पहिल्यापासून घासतो. घासणं हा तुमच्या कामाचा लहानसा भाग आहे. तुमचं खरं काम म्हणजे सायकल शेवटच्या छऱ्यापर्यंत मोकळी करणं, नळ्यांच्या पोटात अ‍ॅसिड अडकणार नाही हे पाहणं, प्लेटिंग कुठे नको ते दाखवून देणं आणि काही वस्तू मुळात द्यायच्याच नाहीत हे ठरवणं. प्लेटिंगवाल्याला यातलं काही ठाऊक असेलच असं नाही. त्याच्याकडे सकाळी बाथरूमचे नळ येतात आणि दुपारी बुलेटचे सायलेन्सर. सायकलची फ्रेम त्याच्या लेखी एक वेडीवाकडी नळी असते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच. घरी क्रोम करायचा विचार डोक्यातून काढून टाका. जुन्या पद्धतीच्या टाकीत क्रोमियमचा जो प्रकार असतो (हेक्झाव्हॅलंट) तो माणसात कर्करोग घडवणारा म्हणून सिद्ध झालेला आहे, आणि टाकी चालू असताना त्याचे बारीक तुषार हवेत उडतात. चाळीच्या गॅलरीत किंवा सोसायटीच्या गच्चीवर करायचं हे काम नाही.

काय द्यायचं, काय नाही

एक लोहचुंबक घ्या आणि प्रत्येक भागाला लावून बघा. चिकटला तर लोखंड. नाही चिकटला तर बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियम, आणि तो भाग लगेच बाजूला ठेवा. अ‍ॅल्युमिनियमवरही क्रोम होतं, पण त्याची आधीची प्रक्रिया सगळी वेगळी असते. लोखंडाच्या लायनीत अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा चुकून गेला तर कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत तो फसफसून खाल्ला जातो.

मुंबईत हातात येते ती बहुधा काळी रोडस्टर. अ‍ॅटलस, हिरो, हर्क्युलिस, कधी आसनसोलची सेन-रॅले, आणि नशीब जोरावर असेल तर वरळीच्या कारखान्यातली हिंद. या सायकलींवर मुळात क्रोम कुठे असायचं ते आठवा. हँडल, ब्रेकच्या दांड्या, क्रँक (पेडलच्या दांड्या), चेनव्हील, हब, रिम, घंटी. फ्रेम मात्र काळीच. नखशिखांत क्रोम केलेली रोडस्टर मला बघवत नाही, पण ही माझी आवड झाली. माझ्या मते देखणं आणि परवडणारं काम म्हणजे लग (नळ्या जिथे जुळतात तिथल्या लोखंडी बाह्या), चिमट्याचं (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कचं) डोकं आणि चिमट्याची नि मागच्या नळ्यांची टोकं एवढंच क्रोम करायचं आणि उरलेली फ्रेम काळी ठेवायची. असं करणार असाल तर क्रोम आधी, रंग नंतर. क्रोमवर रंग सरळ धरत नाही, त्यामुळे जिथे रंग येणार तो भाग घासून खरखरीत करून त्यावर एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला धरून बसणारा पहिला थर, मारावा लागतो. हे पेंटरला आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर पोपडे निघाल्यावर भांडण नको.

छरे, ते ज्यांवर फिरतात त्या वाट्या आणि कोन, फ्रीव्हील, चेन द्यायची नाही. झिजणाऱ्या, फिरणाऱ्या पृष्ठभागावर शोभेचं प्लेटिंग टिकत नाही, आणि सुटलेला कपचा ग्रीसमध्ये मिसळून बाकीच्यांनाही खातो. स्पोक नवे घ्या. रिमच्या बाबतीत लोक ऐकत नाहीत, तरी सांगतो: रोडस्टरच्या रिमच्या कडा आत वळवलेल्या, पोकळ असतात. त्या पोकळीत अ‍ॅसिड गेलं की बाहेर येत नाही. वरून लखलखीत दिसणारी रिम आतून सडत जाते. नवी रिम घेणं जास्त शहाणपणाचं.

स्प्रिंगांचं कारण वेगळं आहे. सीटच्या स्प्रिंगा, ब्रेकच्या स्प्रिंगा, कॅरियरची ताठ पकड, एक्सल आणि जास्त ताण घेणारे कडक बोल्ट हे सगळं कडक पोलाद असतं. अ‍ॅसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत लोखंडाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो, त्यातला काही पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ करतो. साध्या नरम लोखंडाला याने फारसं काही होत नाही, म्हणून जुन्या रोडस्टरच्या फ्रेमची काळजी नको. पण कडक पोलाद काही दिवसांनी, काही कारण नसताना, टक्कन तुटू शकतं. यावर उपाय आहे. प्लेटिंग झाल्यावर काही तासांच्या आत वस्तू साधारण १९० ते २२० अंश सेल्सिअसला भट्टीत कित्येक तास ठेवायची, म्हणजे हायड्रोजन बाहेर पडतो. दुकानात भट्टी आहे का विचारा. नसेल तर स्प्रिंगा काळ्या रंगवा. शंभर किलोचा माणूस बसल्यावर सीटची स्प्रिंग तुटणं हा गमतीचा विषय नाही.

फ्रेम क्रोम करण्याच्या लायकीची आहे का

तडा गेलेल्या फ्रेमवर पैसे घालू नका. तडा शोधायची गॅरेजमधली जुनी पद्धत आहे, फुकटात होते आणि चांगली चालते. संशयाची जागा, म्हणजे लगांच्या कडा, चिमट्याच्या डोक्याखालचा भाग, बीबी शेलचे (पेडलचा एक्सल ज्यातून जातो त्या आडव्या नळीचे) सांधे आणि एक्सलच्या खाचा, आधी रंग काढून स्वच्छ करा. तिथे ब्रशने रॉकेल लावा. (रॉकेल आता सहज मिळत नाही, टर्पेंटाइनही चालतं.) दहा-पंधरा मिनिटं थांबा, फडक्याने कोरडं पुसा आणि त्यावर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल हळूहळू पुडीत झिरपतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी गडद रेघ उमटते. अशी रेघ दिसली की आधी झाळकाम, मग बाकीचं.

दुसरा प्रश्न जाडीचा. रोडस्टरच्या नळ्या जाड असतात, थोडं घासलं तर बिघडत नाही. पण हलक्या रेसिंग फ्रेमच्या, रेनॉल्ड्स ५३१ वगैरे, नळ्या मधल्या भागात अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या असू शकतात. अशा नळीवर गंजाचे खोल खड्डे असतील तर ते घासून सपाट करायला जाणं म्हणजे फ्रेम कापून काढणं. तिला रंगच द्या.

मोकळी करणं

हँडलचा मधला लांब बोल्ट दोन-तीन आटे सैल करा आणि डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारा. आतली पाचर सुटते, मग हँडल वर येतं. क्रँकच्या कॉटर पिनचा (क्रँकला एक्सलवर पक्की धरणाऱ्या पाचरीचा) नट पूर्ण काढू नका. शेवटच्या दोन आट्यांवर ठेवा, म्हणजे हातोडीचा घाव नटावर बसेल आणि पिनचे आटे चेपणार नाहीत. क्रँकला खालून लोखंडी पाइपचा आधार द्या, नाहीतर सगळा मार छऱ्यांवर जातो.

बीबीच्या वाट्या काढताना लक्षात ठेवा, चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने पाना लावून जोर केलात तर ती वाटी आणखी घट्ट होईल. गंजलेली असेल तर आदल्या रात्री रॉकेल-ऑइल सोडून ठेवा. हेडच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) दोन वाट्या नळीतून आतून ठोकून काढायच्या, आळीपाळीने दोन्ही बाजूंना मारत, म्हणजे तिरप्या होणार नाहीत. चिमट्याच्या डोक्यावर बसवलेली खालची रेस (छऱ्यांची कडी) हीही काढा. ती बहुतेक जण विसरतात.

कंपनीचा पितळी बिल्ला रिवेट काढून जपून ठेवा. तो बफवर गेला तर अक्षरं पुसली जातील. तसाच फ्रेम नंबर. तो सीटच्या नळीवर किंवा बीबी शेलखाली ठोकलेला असतो आणि बफवाला तो गंजाचा खड्डा समजून साफ करून टाकतो. सायकल तुमची आहे हे दाखवायला पुढे तोच उपयोगी पडतो. नंबरचा फोटो काढा, आणि त्याच्याभोवती मार्करने गोल करून ‘इथे बफ नको’ असं त्याला तोंडी सांगा. चिठ्ठी लावली तर ती पहिल्याच टाकीत वाहून जाते.

नळ्यांची पोटं

बहुतेक फसलेली कामं इथेच फसतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

फ्रेम एकामागून एक टाक्यांत बुडते: कॉस्टिक, पाणी, अ‍ॅसिड, पाणी, तांबं, पाणी, निकेल, पाणी, क्रोम, पाणी. प्रत्येक वेळी नळ्यांत द्रव शिरतो आणि बाहेर यायला वाट लागते. सायकलच्या फ्रेममध्ये अशा किती तरी नळ्या असतात ज्यांचं एक टोक बंद आणि दुसऱ्याला सुईच्या नेढ्याएवढं भोक. सीटकडून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या, खालच्या दोन नळ्या, चिमट्याचे दोन पाय. त्यांत अडकलेलं अ‍ॅसिड पुढच्या टाकीत थोडं थोडं गळतं. टाकी खराब होते ते वेगळंच, पण सांध्याजवळ निकेल धरत नाही. नंतर घरी आणल्यावर काही आठवड्यांत लगच्या कडेतून तपकिरी पाणी पाझरायला लागतं, आणि त्याला बाहेरून काही इलाज उरत नाही.

म्हणून प्रत्येक नळी तपासा. बादलीत बुडवून बघा, बुडबुडे कुठून येतात, पाणी किती वेगात निथळतं. भोक गंजाने किंवा रंगाने बुजलं असेल तर तारेने मोकळं करा. नसेलच तर सुमारे ३ मिलिमीटरचं एक भोक पाडा, नळीच्या खालच्या टोकाला, आतल्या बाजूने, जिथे ते दिसणार नाही आणि जिथे ताणही कमी असतो. सांध्यावर किंवा लगच्या अगदी कडेला भोक पाडू नका. दोन्ही टोकं बंद असलेली नळी असेल तर दोन भोकं लागतील, एकातून हवा जाते, दुसऱ्यातून पाणी येतं. अशी बंद नळी आत ओलावा असताना तापवली तर वाफेने फुटूही शकते, म्हणजे हा प्रश्न फक्त गंजाचा नाही.

आता लगांकडे. जुन्या फ्रेम पितळेने झाळलेल्या असतात, आणि झाळताना वापरलेला सवागी (बोरॅक्स) लगच्या कडेला काचेसारखा गोठून राहतो. रंगाखाली तो दिसत नाही. प्लेटिंग विजेने चढतं आणि तो वीज वाहून नेत नाही, त्यामुळे त्याच्यावर तांबंही चढत नाही आणि निकेलही नाही. काळा ठिपका तसाच राहतो. नखाने किंवा टोकदार सुईने लगची कड चाचपा. टणक, काचेसारखी पापडी लागली तर कडकडीत गरम पाण्यात फडकं भिजवून त्या जागी गुंडाळून ठेवा, पाणी बदलत राहा. सवागी पाण्यात विरघळतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. उरलेला बारीक कानशीने काढा. नवीन झाळकाम करून घेतलं असेल तर ही पायरी अजिबात गाळू नका.

रंग, गंज, जुनं क्रोम

रंग काढायला दुकानात पेंट रिमूव्हर मिळतो. ब्रशने जाड थर द्या, वर प्लॅस्टिक गुंडाळा म्हणजे तो सुकत नाही, आणि फुगलेला रंग लाकडी पट्टीने खरवडा. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच, बंद खोलीत त्याचा वास जीव गुदमरवतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडा घासू नका, ओला घासा, आणि पोरंबाळं खेळतात तिथे तर मुळीच नको. जाळूनही काढू नका. सँडब्लास्टिंगचा मोह होतो, कारण अर्ध्या तासात फ्रेम स्वच्छ होते. पण वाळू लोखंडावर बारीक दाणेदार पोत ठेवून जाते. रंगासाठी तो पोत उत्तम, क्रोमसाठी डोकेदुखी, सगळा पुन्हा घासून काढावा लागतो.

गंजलेल्या लहान वस्तूंसाठी, ब्रेकच्या दांड्या, नट, पट्ट्या वगैरे, किराणा दुकानात मिळणारं लिंबू-सत्व पुरतं. एक लिटर पाण्यात पन्नास ते शंभर ग्रॅम, रात्रभर भिजत, सकाळी ब्रश. संडास साफ करायचं अ‍ॅसिड मात्र घरात आणू नका. त्याची वाफ घरातल्या इतर लोखंडी वस्तूंनाही गंज चढवते, आणि चुकून ब्लीचिंगमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो.

जुनं क्रोम आणि निकेल घासून काढू नका. ते प्लेटिंगवाला रसायनात उतरवतो. तुम्ही सांगायचं एवढंच, की हे उतरवून मग करा, जुन्यावरच नवं चढवू नका.

घासायचं किती

घासायचं खड्डे जाईपर्यंत. चकचकीत होईपर्यंत नाही.

नागदेवीच्या गल्लीत एमरीचं कापड मीटरने मिळतं. दोन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा आणि चांभार बूट चमकवताना फडकं ओढतो तशी पट्टी नळीभोवती घालून दोन्ही टोकांनी आळीपाळीने ओढा. यामुळे नळीचा गोलवा शाबूत राहतो. ग्राइंडरची डिस्क कितीही मोहात पाडो, तिने गोल नळीवर सपाट चट्टे पडतात, आणि क्रोम झाल्यावर ते लांबून दिसतात. खड्डे असतील तिथेच ८० नंबर, मग १२०, १८०, २२०, आणि ३२० वर थांबा. प्रत्येक नंबरला दिशा बदला. आधीच्या नंबरचे ओरखडे आडवे राहिलेले लगेच दिसतात. लगांच्या टोकदार नक्ष्या पट्टीने गोल होऊन जातात, तिथे सुई-कानस आणि बोट. उरलेली धारदार टोकं मात्र किंचित मोडा, कारण टाकीत वीज टोकांकडे धावते आणि तिथे प्लेटिंग जळून करडं पडतं.

तपासणी ट्यूबलाइटखाली करायची. २२० नंतर नळीवर थोडं ऑइल चोळा आणि नळी दिव्याला समांतर धरून हळू फिरवा. लोखंडावर ट्यूबची एक धूसर पांढरी रेघ पडते. ही रेघ सरळ असेल तर नळी सरळ. रेघ जिथे कंबरेत वाकते तिथे पोचा, जिथे तुटते तिथे खड्डा, आणि जिथे फुगते तिथे तुम्हीच जास्त घासलंय. त्या जागांवर खडूने खूण करा. दिवसाच्या उजेडात हे दिसत नाही, आणि क्रोम झाल्यावर ते न दिसण्याची सोय राहत नाही.

मोठा खड्डा राहिलाच तर त्यात एमसील, पुट्टी, मेटल पेस्ट काहीही भरू नका. त्यातून वीज जात नाही, म्हणून त्यावर काही चढत नाही, आणि कॉस्टिकच्या गरम टाकीत ते सुटतं. खड्डा भरायचा तर पितळेने झाळून भरायचा आणि कानशीने सपाट करायचा. उथळ खड्ड्यांसाठी प्लेटिंगवाल्याला तांब्याचा जाड थर देऊन, बफ करून, पुन्हा तांबं द्यायला सांगता येतं. याचे पैसे जास्त पडतात, पण वसूल होतात.

मुंबईच्या हवेत घासून उघडं केलेलं लोखंड रात्रीत लाल पडतं, पावसाळ्यात तर तासाभरात. काम झालं की लगेच शिलाई मशीनचं तेल पुसा. ते प्लेटिंगवाल्याकडे सहज निघतं. मेण, गाडीचं पॉलिश, सिलिकॉनचा स्प्रे यांपैकी काही लावू नका, ते निघता निघत नाही. शक्य असेल तर हे सगळं काम दसऱ्यानंतर काढा. फक्त दिवाळी आणि होळीच्या आसपास कारागीर गावी जातात आणि गाळे बंद असतात, त्या तारखा सांभाळा.

आटे झाका

आट्यांवर प्लेटिंगचा हिशेब वेगळा असतो. आट्याच्या दोन्ही उतारांवर थर बसतो, आणि भूमितीमुळे आट्याचा मोजमापाचा व्यास थराच्या चौपट बदलतो. ३० मायक्रॉन थर बसला तर फरक पडतो ०.१२ मिलिमीटरचा. चिमट्याच्या नळीवरचा हेडचा नट मग फिरणार नाही. म्हणून तिथे एक जुना नट आणि त्यावर टेप. बीबी शेलमध्ये जुन्या वाट्या आटून बसवा किंवा रबरी बूच ठोका. हेडच्या वाट्या आणि खालची रेस जिथे ठोकून बसतात त्या जागाही झाकायच्या. सीटच्या नळीचं तोंडही. कोणता टेप, कोणतं लॅकर हे प्लेटिंगवाल्यालाच विचारा. त्याच्या टाकीत काय टिकतं ते त्याला माहीत असतं, आणि बाजारातला साधा चिकटपट्टीचा टेप टिकत नाही.

पण एक भानगड आहे. बुचं लावून नळ्या बंद केल्या तर मघाची निचऱ्याची भोकं मोकळी राहिलीत ना, हे पुन्हा बघा. आटे वाचवायच्या नादात नळी कोंडली जाते.

दुकानात काय बोलायचं

साकीनाका, मरोळ, भाईंदर, वसई इथल्या औद्योगिक वसाहतींत प्लेटिंगचे गाळे आहेत. पहिला प्रश्न भावाचा विचारू नका. आधी विचारा, फ्रेम अखंड बुडेल एवढी टाकी आहे का. नसेल तर अर्धी अर्धी बुडवून मध्ये जोड दिसतो. मग विचारा, तांबं-निकेल-क्रोम करता की थेट निकेल-क्रोम. निकेल किती मायक्रॉनचं. गंजापासून संरक्षण निकेल करतं, क्रोम नव्हे, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या सायकलीला पातळ निकेल एका पावसाळ्यात उघडं पडतं. अशा कामासाठी आयएस १०६८ हे भारतीय मानक आहे. त्याचं नाव काढल्यावर समोरचा कसा बघतो यावरूनही बरंच कळतं. प्लेटिंगचा धंदा प्रदूषणाच्या लाल, म्हणजे सर्वांत घातक, वर्गात मोडतो, त्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. मागच्या गटारात पिवळं पाणी सोडणाऱ्या गाळ्यात स्वस्तात होत असेल तरी जाऊ नका.

बफिंग करणाऱ्या माणसाला भेटा. मालकाला नव्हे, त्याला. खडूच्या खुणा दाखवा, नंबर दाखवा, लगच्या नक्ष्या दाखवा. फिरता बफ फ्रेमच्या कोनात अडकला तर फ्रेम हातातून हिसकावून नेतो, त्यामुळे सायकलची फ्रेम धरणं हे कसबाचं काम आहे आणि तो त्याच्या पद्धतीनेच ते करेल. तुम्ही फक्त सांगायचं. चहा मागवलात तर जास्त ऐकून घेतो.

एक गोष्ट आधीच मान्य करून टाका: आतल्या कोपऱ्यांत, म्हणजे बीबीच्या मागे आणि दोन नळ्यांच्या बेचक्यात, क्रोम पोचत नाही. तिथे निकेलचा किंचित पिवळसर रंग दिसेल, बाहेर क्रोमची निळसर झाक. त्यावरून वाद घालू नका.

लहान वस्तू सुट्या देऊ नका. तांब्याच्या तारेत ओवून माळ करा, कागदावर यादी करा, त्यावर त्याची सही घ्या. टाकीच्या तळाशी किती लोकांचे नट पडलेले असतात देव जाणे. फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून गर्दीची वेळ टाळून लोकलच्या मालडब्यातून नेता येते, टेम्पो करायची गरज नाही.

परत आल्यावर

फ्रेम आली की जोडायची घाई करू नका. आधी प्रत्येक नळीत पाणी भरून निथळू द्या. एक-दोनदा पाण्यात धुण्याचा सोडा घालून, मग पुन्हा साध्या पाण्याने. शेवटचं निथळलेलं पाणी निळ्या लिटमस कागदावर घ्या. कागद तांबडा झाला तर आत अजून अ‍ॅसिड आहे, परत सोडा. उन्हात, भोकं खाली येतील अशी टांगून वाळवा. खाली वर्तमानपत्र पसरून आठवडाभर तशीच राहू द्या. तपकिरी थेंब पडले तर सगळं पुन्हा. कोरडी खडखडीत झाली की नळ्यांत उकळलेलं जवसाचं तेल सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा आणि जादाचं गाळून घ्या. त्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून टाका.

मग आटे. बीबीमध्ये आणि चिमट्यावर टॅप-डाय (आटे पाडायची हत्यारं) फिरवून राहिलेलं लॅकर आणि चुकून बसलेला थर साफ करा, ग्रीस लावा, आणि वाटी हाताने निदान तीन आटे आत जाईपर्यंत पान्याला हात लावू नका. अडली तर उलटी फिरवून काढा, पुसा, पुन्हा लावा. चेनच्या बाजूची उलटीच फिरणार.